लाखामागे साडेएकोणचाळीस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आज मी आपल्याशी आकड्यांविषयी बोलणार आहे. आकडे म्हटले की माणसं रेडिओचा कान पिळतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून सुरुवातीला दोनच आकडे सांगतो आणि पुढचं बोलणं त्यांच्याभोवतीच ठेवतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा एक मोठा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या २८ नोंदण्यांची २०१२ ते २०१६ या वर्षांची माहिती त्यात होती. पुरुषांमध्ये कर्करोगाचं सर्वांत जास्त प्रमाण निघालं मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात. दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४ नवे रुग्ण. आणि सर्वांत कमी प्रमाण होतं ३९.५. हे साडेएकोणचाळीस कुठलं, तर आपल्याच मराठवाड्यातल्या उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांचं. स्त्रियांच्या यादीतही तळाला हेच दोन जिल्हे होते, लाखामागे ४९.४. उस्मानाबादचं नाव आता धाराशिव झालं आहे, पण अहवालात जुनं नाव असल्यामुळे आज मी तेच वापरतो.

हे ऐकून कुणालाही बरं वाटेल. दुष्काळ, पाणीटंचाई, स्थलांतर या यादीत नेहमी वर असलेला आपला भाग एका यादीत तरी खाली आहे! पण आता अशी कल्पना करा की, एखाद्या अधिकाऱ्यापुढे देशाचा नकाशा आहे आणि कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेला निधी त्याला वाटायचा आहे. तो साहजिकच ऐझॉलवर बोट ठेवील आणि बीड-उस्मानाबादवरून पुढे सरकेल. त्याचं बरोबर आहे की चूक? अर्धं बरोबर आणि अर्धं चूक, असं माझं उत्तर आहे. ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. एखाद्या मोठ्या रुग्णालयात वर्षाला दहा हजार कर्करोगी आले, असं आपण पेपरात वाचतो. त्या आकड्यावरून रुग्णालयाच्या कामाचा बोजा कळतो, रोगाचं प्रमाण कळत नाही. कारण हे दहा हजार लोक कुठून आले, आणि ते जिथून आले तिथे एकूण माणसं किती, हे त्यात नसतं. शिवाय जे रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचा तर पत्ताच नसतो. कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी, उलट्या बाजूनं सुरुवात करते. ती आधी एक प्रदेश ठरवते: एक शहर, एक जिल्हा किंवा दोन-तीन तालुके. मग त्या प्रदेशात राहणाऱ्या माणसांपैकी वर्षभरात कुणाकुणाला कर्करोग झाला ते शोधून काढते, मग उपचार सोलापूरला होवोत, पुण्याला होवोत नाही तर मुंबईला. वरचा आकडा नव्या रुग्णांचा, खालचा त्या प्रदेशातल्या लोकसंख्येचा. भागाकार केला की लाखामागचं प्रमाण मिळतं.

त्यात आणखी एक दुरुस्ती असते. कर्करोग हा बहुतांशी उतारवयाचा रोग आहे. जिथे म्हातारी माणसं जास्त तिथे तो जास्त दिसणारच. म्हणून दोन जागांची तुलना करताना दोन्हीकडे सारख्याच वयाची लोकसंख्या आहे असं धरून आकडे पुन्हा मांडतात. ऐझॉल आणि उस्मानाबाद यांचे आकडे असे वय समान धरून काढलेले आहेत. म्हणजे तिकडे म्हातारे जास्त, इकडे तरुण जास्त, असं म्हणून हा फरक झटकून टाकता येत नाही.

मग तो फरक कुठून आला? काही अंशी तो खराच आहे. मिझोराममध्ये तंबाखूचा वापर फार मोठा. सिगारेट-बिडी तर आहेच, पण तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरायची तिथे रीत आहे. त्याला 'तुइबुर' म्हणतात. जठराचा कर्करोगही तिथे खूप आढळतो. आपल्याकडच्या खेड्यांत लवकर होणारी लग्नं, लवकरची बाळंतपणं आणि अंगावरचं दूध यांमुळे स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग शहरांपेक्षा कमी दिसतो. तेव्हा कमी आकडा खोटा आहे, असं माझं म्हणणं नाही.

पण आकडा कमी दिसायला दुसरंही कारण असू शकतं. समजा, परांडा तालुक्यातल्या एका गावात पन्नाशीची एक बाई आहे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलं. ती कुणाला सांगत नाही. सून विचारते, 'आत्या, बरं नाही का?' तर ती म्हणते, 'उष्णता झाली असंल.' सहा महिन्यांनी कंबर धरते, दुर्गंधी येऊ लागते, तेव्हा भोसरीला कामाला असलेला मुलगा तिला पुण्याला नेतो. रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढताना कारकून पत्ता विचारतो. मुलगा आपल्या भोसरीच्या खोलीचा पत्ता सांगतो. निरोप तिथे मिळेल, शिवाय परगावचे म्हटलं की कुणी दाद देत नाही असं त्याला वाटतं. रोग हाताबाहेर गेलेला असतो. चार महिन्यांनी बाई गावी परत येते आणि आपल्या घरी प्राण सोडते. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलं जातं: वृद्धापकाळ.

आता हिशेब पाहा. नोंदणीचा नियम असा की, माणूस जिथे निदानापूर्वी किमान वर्षभर राहत होता तिथला तो धरायचा. कागदावर ही बाई भोसरीची. म्हणून पुण्याच्या आकड्यात एक वाढला आणि परांड्याच्या आकड्यात शून्य राहिलं. मृत्यूच्या दाखल्यातही कर्करोग हा शब्द नाही. परांडा तालुका कर्करोगापासून मुक्त! अशा दहा बाया झाल्या तर त्या तालुक्यात तपासणीची सोय कशाला, असं कुणीही म्हणेल. जी माणसं वहीत नाहीत ती आराखड्यातही येत नाहीत.

हा धोका ओळखून आपल्याकडे एक काम फार आधी सुरू झालं, आणि ते योगायोगानं याच परांड्याच्या परिसरात. भारतातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईची. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीनं डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी ती १९६० च्या दशकात उभी केली आणि १९६४ पासूनचे तिचे आकडे उपलब्ध आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मुंबईबरोबर बंगलोर आणि मद्रास आले. तिन्ही महानगरं. आणि त्या वेळी देशातली तीन-चतुर्थांशाहून अधिक माणसं खेड्यात राहत होती! खेड्यातल्या कर्करोगाविषयी आपल्याजवळ काय होतं? अंदाज.

१९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू केली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि उस्मानाबाद जिल्ह्यातले परांडा व भूम, अशी साडेतीनशेच्या आसपास गावं. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. के. जयंत यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या वह्या चाळून करता येते. खेड्यात ते जमणार नव्हतं, कारण रुग्ण रुग्णालयात येतच नव्हता. म्हणून बार्शीकरांनी पद्धत बदलली. नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जाऊ लागले. गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचं, कुणाला न भरणारी जखम आहे का, कुठे गाठ आहे का, पाळी गेल्यावर कुणाला रक्त जातं का, गिळताना कुणाला अडकतं का, हे विचारायचं. ज्याच्याबद्दल शंका येईल त्याला बार्शीला तपासणीसाठी आणायचं. शिवाय सोलापूर, मिरज, पुणे, मुंबई इथल्या रुग्णालयांतल्या नोंदींत आपल्या गावांची माणसं शोधायची.

हेतू होता मोजणीचा. पण गावागावांत फिरून लक्षणं विचारायची म्हणजे ती लक्षणं समजावून सांगावी लागतात. 'असं झालं तर लपवू नका, लवकर आलात तर बरं होतं', हे कार्यकर्ते बोलत गेले. परिणाम असा झाला की, काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. हे कुणाच्या आठवणीवरून ठरलेलं नाही. नोंदणीत प्रत्येक रुग्णापुढे रोगाची अवस्था लिहिलेली होती, म्हणून ते दाखवता आलं आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं गेलं. कुठलंही महागडं यंत्र न आणता झालेला हा बदल होता.

आकड्यांनी आणखी एक गोष्ट ठळकपणे दाखवली. एकूण कर्करोग शहरापेक्षा कमी, पण स्त्रियांमध्ये पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. त्याच काळात मुंबईच्या नोंदणीत हा कर्करोग दशकानुदशकं उतरत होता आणि स्तनाचा कर्करोग वर चढून पहिला झाला होता. मुंबई आणि बार्शी यांत एका रात्रीच्या प्रवासाचं अंतर, पण दोन्हीकडच्या बाईचा शत्रू वेगळा. एकच सरकारी परिपत्रक दोन्हीकडे पाठवून भागणार नाही, हे या दोन वह्या शेजारी ठेवल्यावरच कळतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं एक वैशिष्ट्य आहे. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळच्या संसर्गामुळे होतो आणि पूर्ण रोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. मधल्या काळात बदल पकडला तर साध्या उपचारानं तो थांबवता येतो. प्रश्न असा होता की, खेड्यातल्या बाईसाठी कोणती तपासणी कामाची? याचं उत्तर शोधायला बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू झालं. गावांचे ५२ समूह केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चार गट पाडले: एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्या गटात नेहमीचीच व्यवस्था. मग सुमारे आठ वर्षं या स्त्रियांची माहिती ठेवली.

२००९ साली डॉ. शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं दगावल्या. नेहमीच्या व्यवस्थेच्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या आणि ६४ जणी दगावल्या. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! जगभरातल्या आरोग्य धोरणांत या निष्कर्षाचा हवाला दिला गेला. या चौथ्या गटातल्या स्त्रियांची तपासणी न करणं न्याय्य होतं का, यावर पुढे बरीच टीकाही झाली, आणि ती टीका दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण त्यातून आपल्यावर एक जबाबदारी येते. त्या ६४ जणींच्या मृत्यूतून जे कळलं ते निदान त्यांच्या लेकी-सुनांच्या तरी उपयोगी पडायला हवं.

मुंबईतही असंच एक काम १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांमध्ये सुरू झालं होतं. तिथे डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी करत होत्या, दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत हीच साधी तपासणी एकदाच केली होती, तेव्हा मृत्यूंमध्ये ठाम फरक दिसला नव्हता. म्हणजे साधन कोणतं, एवढाच प्रश्न नसतो. ते किती वेळा आणि किती नेमानं वापरलं, हेही तितकंच महत्त्वाचं असतं.

परदेशातला एक दाखला याच मुद्द्याचा आहे. उत्तर युरोपातल्या देशांत कर्करोगाच्या जुन्या, देशव्यापी नोंदण्या आहेत. डेन्मार्कची १९४२ पासूनची. या देशांनी पॅप तपासणी वेगवेगळ्या पद्धतीनं राबवली. १९६५ ते १९८२ या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू आइसलँडमध्ये ८० टक्क्यांनी घटले, फिनलंडमध्ये ५०, स्वीडनमध्ये ३४, डेन्मार्कमध्ये २५ आणि नॉर्वेत फक्त १० टक्क्यांनी. चाचणी तीच. पण जिथे प्रत्येक स्त्रीला यादीतून नावानिशी बोलावणं गेलं तिथे फायदा मोठा झाला आणि जिथे 'ज्यांना हवं त्यांनी यावं' असं होतं तिथे थोडा. अलीकडे, २०२० साली, स्वीडननं आपल्या नोंदणीला लसीकरणाची नोंद जोडून सुमारे १६ लाख ७३ हजार मुली व स्त्रियांचा हिशेब मांडला. सतरा वर्षांच्या आत एचपीव्हीची लस घेतलेल्यांमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी होता. आपल्याकडे पुण्याच्या सीरम संस्थेच्या देशी लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. या लशीनं आपल्या मुलींना किती वाचवलं, हे वीस-तीस वर्षांनी सांगणारं साधन एकच असेल, ते म्हणजे आज नीट ठेवलेली नोंदणी.

आकडा वाचताना जपूनही राहावं लागतं. दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ या काळात थायरॉईडच्या कर्करोगाचं प्रमाण पंधरा पटींनी वाढलं. लोक हादरले. पण त्या रोगानं होणारे मृत्यू वाढलेच नव्हते. सोनोग्राफीनं मान तपासायची लाट आली होती आणि ज्या बारीक गाठींनी कधी त्रास दिला नसता त्याही सापडत होत्या. म्हणून नवे रुग्ण किती एवढंच पाहून चालत नाही. ते कोणत्या अवस्थेत सापडले आणि त्यांतले दगावले किती, हेही शेजारी मांडावं लागतं. उद्या बीड जिल्ह्यात नेटानं तपासणी सुरू झाली तर तिथलाही आकडा पहिली काही वर्षं वाढेल. तेव्हा 'बीडमध्ये कर्करोगाचा कहर' असा मथळा देण्याआधी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता नियोजनाकडे येऊ. आकड्यावरून इमारत कशी उभी राहते? ईशान्य भारताचंच उदाहरण घ्या. २००१-०२ मध्ये देशभरातल्या प्रयोगशाळांची माहिती गोळा करून कर्करोगाचा नकाशा करायला घेतला, तेव्हा मिझोराम आणि आसपासचा भाग ठळक उठून दिसला. २००३ पासून तिथे नोंदण्या सुरू झाल्या. चित्र पक्कं झालं. पुढे आसाम सरकार आणि टाटा न्यासानं मिळून मोठ्या ते लहान अशा रुग्णालयांचं जाळं आखलं आणि एप्रिल २०२२ मध्ये त्यातली सात रुग्णालयं एकाच वेळी सुरू झाली. गुवाहाटीला किंवा थेट मुंबईला जाण्याऐवजी जिल्ह्याच्या जवळ उपचार मिळावेत, ही त्यामागची कल्पना.

हाच हिशेब आपण आपल्या जिल्ह्यासाठी करून पाहू. समजायला सोपं जावं म्हणून आकडे मी मनानं धरतो. समजा, जिल्ह्याची लोकसंख्या २० लाख आणि लाखामागे वर्षाला ६० नवे रुग्ण. म्हणजे वर्षाला १,२०० माणसं. कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी किरणोपचार लागतो, ज्याला रुग्ण बोलताना 'लाइट' किंवा 'शेक' म्हणतात. म्हणजे ६०० जण. एक यंत्र वर्षाला साधारण ४५० रुग्णांना पुरतं. याचा अर्थ, 'कर्करोग कमी' असलेल्या जिल्ह्यालाही एका यंत्राचं काम पुरून उरतं! प्रमाण कमी असलं तरी माणसं शेकड्यांनी असतात, आणि प्रत्येकाला पाच-सहा आठवडे रोज परगावी जायचं म्हटलं तर कित्येक जण उपचार अर्धवट सोडून देतात. शेतमजुरीचा हंगाम, ऊसतोडीचा करार, घरात मागे राहिलेली पोरं, हे सगळं त्या निर्णयात असतं.

आता सुरुवातीच्या अधिकाऱ्याकडे परत जाऊ. ऐझॉलवर बोट ठेवण्यात तो बरोबर होता, कारण तिथे रोगच जास्त आहे, आणि तिथे तंबाखूविरुद्धचं काम आणि मोठी रुग्णालयं दोन्ही हवीत. उस्मानाबाद-बीडवरून पुढे सरकण्यात मात्र तो चुकला. जिथे रोग कमी आणि त्यातला मोठा हिस्सा टाळता येणारा, तिथे थोड्या पैशात पुष्कळ जीव वाचतात. कमी आकडा ही तिथे काम न करण्याची सबब नाही. नऊ-दहा वर्षं खपून कोणती चाचणी उपयोगी पडते हे आपणच, याच जिल्ह्यात, जगाला दाखवलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ३० ते ६५ वयाच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी दर पाच वर्षांनी तपासणी करण्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आणि २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसलं? देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के! शंभरात दोनही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० पर्यंतचं लक्ष्य ठेवलं आहे ७० टक्क्यांचं.

हे अंतर भरून काढताना नोंदणी वाट दाखवू शकते. कोणत्या तालुक्यात स्त्रिया अजून तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत येतात, तिथे आधी जा. कोणत्या भागात तोंडाचा कर्करोग तरुण वयात दिसतो, तिथल्या शाळांभोवतीच्या गुटख्याच्या पुड्या आधी बंद करा. पाच वर्षांनी पुन्हा वही उघडा आणि फरक पडला का ते पाहा. फरक नसेल तर पद्धत बदला. एवढं साधं हे तत्त्व आहे. पण त्यासाठी वही पुरी हवी. देशाच्या लोकसंख्येपैकी साधारण दहावा हिस्साच २०२० च्या अहवालातल्या नोंदण्यांच्या कक्षेत होता. काही राज्यांनी कर्करोग हा सरकारला कळवायलाच हवा असा रोग ठरवला आहे, पण नुसत्या आदेशानं वही भरत नाही. ती भरणारी माणसं नेमावी लागतात, त्यांना वेळेवर पगार द्यावा लागतो आणि त्यांच्या एसटीच्या भाड्याचीही तरतूद करावी लागते.

आणि वही पुरी होण्यात आपलाही हात आहे, म्हणून जाता जाता तीन विनंत्या करतो. पहिली: केसपेपर काढताना रुग्ण जिथे खरोखर राहतो तो पत्ता सांगा, गाव आणि तालुक्यासकट. मुलाचा पत्ता निरोपासाठी वेगळा लिहून घ्या म्हणावं. दुसरी विनंती डॉक्टर मित्रांना: मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहून थांबू नका. हृदय तर प्रत्येकाचंच शेवटी थांबतं. ते कशामुळे थांबलं ते लिहा. घरच्यांनीही कर्करोगाचं नाव लपवू नये. नोंदणीतलं नाव बाहेर कुणाला दिलं जात नाही, बाहेर येतो तो फक्त बेरजेचा आकडा. तिसरी विनंती जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या सदस्यांना: रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर सभेत एकदा हाही प्रश्न विचारा की, आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी कर्करोगाचे नवे रुग्ण किती, त्यांतले लवकरच्या अवस्थेत किती सापडले, आणि तिशीपुढच्या किती स्त्रियांची तपासणी झाली? उत्तर 'माहीत नाही' असं आलं, तर काम कुठून सुरू करायचं ते आपोआप कळेल.

परांड्याची ती बाई मी समजुतीसाठी कल्पिली. पण आपल्यापैकी बहुतेकांना तिच्यासारखी एखादी आत्या, मावशी किंवा शेजारीण आठवली असेल. तिचं गाव, तिचं वय, तिचा रोग आणि त्याची अवस्था एवढी एक ओळ बरोबर लिहिली गेली असती, तर ती स्वतः कदाचित वाचली नसती. पण तिच्या गल्लीतल्या पुढच्या बाईच्या दारात तपासणीसाठी कुणीतरी वेळेवर पोचलं असतं.